भिंतीला भोक पाडण्याआधी

वाचकाचं पत्र: आमच्या कारखान्यात १४० माणसं, दोन इमारती आणि तीन पाळ्या आहेत. इतकी वर्षं मस्टरवर सही चालायची. मालकांनी आता नेटवर्कला जोडायची तीन हजेरी यंत्रं घेतली आहेत. बोट आणि चेहरा दोन्ही ओळखतात. पुरवठादाराचा माणूस पंधरा दिवसांनी बसवायला येणार आहे. तयारी काय करू विचारलं तर म्हणाला, 'एक नेट पॉइंट आणि एक प्लग द्या, बाकी अर्ध्या तासाचं काम.' आमचं संगणकाचं बघणारा मुलगा आठवड्यातून दोनदा येतो. कामगारांत कुजबुज सुरू झाली आहे की आता मिनिटामिनिटाचे पैसे कापणार. मी प्रशासन सांभाळते, वायरींमधलं मला ओ की ठो कळत नाही. कुठून सुरुवात करू? आणि जुनी मस्टरं ठेवायची की रद्दीत घालायची?

उत्तर:

पुरवठादाराचा माणूस खोटं बोललेला नाही. यंत्र भिंतीवर चढवायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर सहा महिने तुमच्या टेबलापुढे जी रांग लागते ती त्या अर्ध्या तासात धरलेली नसते, इतकंच. 'मी पंच केला होता हो', 'पावणेदोनला आलोय, यात दोन वाजून पाच दाखवतंय', 'रात्रभर काम करून गैरहजर कसा?' ही रांग टाळायची तर हेच पंधरा दिवस हातात आहेत.

वायरींचं कळत नाही याचं ओझं घेऊ नका. ते काम नीट सांगितलं की करून घेता येतं, काय सांगायचं ते पुढे लिहितो. तुमच्यावाचून होणार नाही असं काम वेगळंच आहे, ते म्हणजे नियम ठरवणं. यंत्राला नुसती वेळ कळते. उशीर कशाला म्हणायचं हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर बसवणारा माणूस आधीच्या गिऱ्हाइकाचे नियम तसेच ठेवून निघून जातो.

सुरुवात मात्र फाटकापासून करा. उद्या सकाळी पाळी सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी वही आणि घड्याळ घेऊन तिथे उभ्या राहा आणि दर मिनिटाला किती माणसं आत येतात ते लिहा. पाळी सुटतानाही पुन्हा उभ्या राहा. सुटतानाचा आकडा जास्त बोलका असतो, कारण येताना माणसं मागेपुढे येतात, जाताना सगळी एकदम निघतात. यंत्राच्या माहितीपत्रकात ओळखायला एक सेकंद लागतो असं छापलेलं असेल. तो सेकंद खरा आहे, पण त्याआधी हातमोजा काढणं, बोट पँटला पुसणं, पहिल्या खेपेला न ओळखल्यावर पुन्हा लावणं हे सगळं माणूस करतो. माणशी सहा सेकंद धरा. मुख्य फाटकातून सत्तर जण सुटत असतील आणि यंत्र एकच असेल, तर सत्तराव्या माणसाचा नंबर भोंगा झाल्यावर सात मिनिटांनी लागतो. रोजची ही सात मिनिटं कोणाची? हा पहिला वाद आणि तो पहिल्याच आठवड्यात होतो. म्हणून तीन यंत्रं तीन ठिकाणी विखरून लावायचा मोह टाळा. मुख्य फाटकाशी दोन शेजारी शेजारी आणि दुसऱ्या इमारतीत एक अशी मांडणी मला तुमच्या बाबतीत बरी वाटते. एक बिघडलं तर बाजूचं चालू असतं हा वरचा फायदा.

जागा ठरवताना एक जुनी युक्ती करा. यंत्राच्या मापाचा पुठ्ठा कापून ठरवलेल्या जागी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस नुसतं बघत राहा. दार उघडलं की त्यामागे पुठ्ठा झाकला जातोय का? हातगाडी वळताना घासतेय का? रांग लागली तर ती जिन्यावर किंवा आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेवर जाईल का? आणि ऊन. चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला समोरून थेट ऊन लागलं किंवा माणसाच्या पाठीमागे उजेडाचं दार असलं की ते गडबडतं. एका ठिकाणी दुपारी जागा पाहून यंत्र लावलं होतं. सकाळच्या पाळीला बरोबर त्याच्या काचेवर तिरपं ऊन यायचं आणि माणसं एका हाताने यंत्रावर सावली धरून दुसऱ्या हाताने बोट लावायची. तेव्हा जागा पाळीच्या वेळेला पाहायची, तुम्हाला फुरसत असेल तेव्हा नाही. उंचीसाठी यंत्राच्या पुस्तिकेतलं माप घ्या, पण भोक पाडायच्या आधी तुमच्याकडची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच अशी दोन माणसं समोर उभी करून पाहा. चाकाच्या खुर्चीवरून येणारं कोणी असेल तर तिसरं माणूस ते.

आता त्या मुलाला काय सांगायचं.

पहिलं म्हणजे वायफाय नको, केबल ओढ. पंचची माहिती चिमूटभर असते, त्यासाठी वेगवान नेट लागत नाही. लागतं ते न तुटणारं नेट. वायफायवर यंत्र ठेवलं की तीन गोष्टी हटकून होतात. बऱ्याच यंत्रांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतं, ५ चं दिसतच नाही. कोणीतरी वायफायचा पासवर्ड बदलतं आणि यंत्राला सांगायचं राहून जातं. आणि पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलं असेल, तर जोडताना 'मान्य आहे' असं बटण दाबायचं एक पान येतं. ते दाबायला यंत्राला बोट नसतं. दुसऱ्यांची बोटं ओळखण्यात त्याचा जन्म जातो!

केबलची मर्यादा स्विचपासून (म्हणजे सगळ्या नेट केबली जिथे एकत्र जोडतात त्या पेटीपासून) यंत्रापर्यंत १०० मीटर आहे, तीही वळणं-वळसे धरून. दुसरी इमारत त्यापेक्षा लांब असेल तर मध्ये स्विच लागेल. जवळ असली तरी दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, फायबर टाका. विजेच्या कडकडाटात तांब्याच्या तारेने दोन्ही टोकांची यंत्रं जाऊ शकतात, फायबर काचेचं असल्याने त्यातून वीज वाहत नाही. कारखान्याच्या मोटारींची वीज ज्या पट्टीतून जाते तिच्यात नेटची केबल घुसवायची नाही. वायरमन जागा वाचवायला हे करतो, म्हणून त्याच्या तोंडावर आधीच सांगून ठेवा. केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिकटपट्टी हवी. आज हे अति वाटेल, पण रॅकमधल्या वीस निळ्या केबलींतली 'फाटक २' कुठली हे वर्षभराने कोणालाच आठवत नसतं.

प्लगबद्दल. नेटच्या केबलमधूनच वीज देण्याची सोय असते, तिला पीओई म्हणतात. तुमचं यंत्र ती घेतं का ते पुस्तिकेत बघायला सांगा. २००३ सालच्या मूळ मानकात स्विच एका केबलवर १५.४ वॉट देतो आणि यंत्रापर्यंत जेमतेम १३ पोचतात. २००९ च्या मानकात स्विचकडचा आकडा ३० वॉटवर गेला. यंत्राची भूक या आकड्यांत बसत असेल तर पीओईच घ्या, कारण मग फाटकाशी प्लग लागत नाही, आणि सफाई करताना कोणी तो काढून पंखा लावत नाही. रॅकमधल्या स्विचला यूपीएस दिला की वीज गेली तरी यंत्रं चालू राहतात. उलट, यंत्राला यूपीएस दिला आणि स्विचला दिलाच नाही असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता विचारायची लाज वाटत नाही. तुमच्याकडे स्विचला यूपीएस आहे ना?

पत्ता. प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर कायमचा पत्ता ठरवून द्यायचा आणि राउटरमध्ये तो राखून ठेवायचा. एका कार्यालयात यंत्र बनवणाऱ्याने घालून दिलेल्या पत्त्यावरच, १९२.१६८.१.२०१ वर, तसंच जोडून दिलं होतं. राउटरने तोच पत्ता हिशेबनीसांच्या लॅपटॉपला दिला. ते लॅपटॉप उघडायचे की हजेरी बंद, ते जेवायला गेले की सुरू. यंत्र दोनदा बदलून आणलं गेलं. दोन आठवड्यांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की ते रजेवर असले की सगळं सुरळीत चालतं. बिचाऱ्यांवर तोवर काय काय संशय घेऊन झाला होता.

मग विचारायचं की यंत्र माहिती स्वतः पाठवतं, की एखाद्या संगणकाने ती ओढून घ्यायची असते. स्वतः इंटरनेटवरच्या सर्व्हरला पाठवत असेल तर फायरवॉलमधून, म्हणजे नेटवर्कच्या राखणदारातून, त्याला बाहेर जायची वाट द्यावी लागेल. कुठला सर्व्हर, कुठला पोर्ट (म्हणजे कितव्या क्रमांकाचं दार) हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. ओढून घ्यायची पद्धत असेल, बऱ्याच यंत्रांत ती ४३७० या पोर्टवरून चालते, तर तो संगणक कुठला ते ठरवा. तो तुमच्या टेबलावरचा नको. तुम्ही घरी जाताना तो बंद करता, किंवा तो स्वतःच झोपी जातो, आणि सकाळी रात्रपाळीचा पत्ता नसतो. शिवाय 'घरबसल्या हजेरी दिसेल' म्हणून बाहेरून आत यायचा रस्ता उघडून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्या आणि यंत्रं बाकीच्या संगणकांपासून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागात, ठेवायला सांगा. ही उगाच भीती नाही. २०२४ साली एका सुरक्षा कंपनीने बाजारातल्या एका नावाजलेल्या बायोमेट्रिक यंत्रात २४ कच्चे दुवे शोधले होते. त्यातल्या एकाचा फायदा घेऊन यंत्राला नुसता खास बनवलेला क्यूआर कोड दाखवून आत शिरता येत होतं.

तांत्रिक बाजूची शेवटची आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे यंत्राचं घड्याळ. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडणं अगदी नेहमीचं आहे, म्हणजे वर्षाला दहा मिनिटं. तीन यंत्रं तीन दिशांना भरकटली की एकाच वेळी आलेल्या दोघांतला एक लेट आणि दुसरा वेळेवर. तिन्ही यंत्रांना एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) एकाच ठिकाणाहून वेळ मिळू दे आणि टाइम झोन बरोबर लावलाय का ते तुम्ही स्वतः पाहा. पण तेवढ्याने भागत नाही. कारखान्याचा भोंगा कोणत्या घड्याळावर वाजतो? सुपरवायझर कोणत्या घड्याळाकडे बघून 'चला' म्हणतो? यंत्र भोंग्याच्या तीन मिनिटं पुढे असेल तर भोंग्याबरोबर आत आलेला प्रत्येक जण रोज तीन मिनिटं लेट, आणि त्याने कितीही भांडलं तरी कागद यंत्राच्या बाजूने. यंत्र लागण्याच्या आदल्या दिवशी भोंगा आणि भिंतीवरची घड्याळं यंत्राच्या वेळेला लावून घ्या.

थोडं विषयांतर करतो. हजेरीचं घड्याळ १८८८ साली अमेरिकेत विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने बनवलं असं मानतात. प्रत्येक कामगाराला आपल्या क्रमांकाची किल्ली, ती घड्याळात घालून फिरवली की वेळ कागदावर उमटायची. त्याचा तो धंदा पुढे विलीन होत होत ज्या कंपनीत गेला तिला १९२४ पासून आयबीएम म्हणतात. माझं लक्ष मात्र त्या किल्लीकडे जातं. किल्ली मित्राच्या हातात देता येते! 'माझी पण लाव रे' हे तेव्हापासूनचंच असणार. बोट आणि चेहऱ्याची यंत्रं आली ती हे थांबवायलाच.

आणि म्हणूनच माणसं बिचकतात. कुजबुज म्हणता ती खोटी आहे का, हे मालकांना विचारा. मिनिटामिनिटाचे पैसे खरंच कापायचे आहेत का? उत्तर 'नाही' असेल तर ते एका पानावर लिहून, मालकांची सही घेऊन, यंत्र यायच्या आधी फळ्यावर लावा. त्या पानात हे यायला हवं: किती मिनिटांपर्यंत लेट धरायचं नाही. मिनिटं जवळच्या पावतासाला न्यायची असतील तर येतानाही आणि जातानाही त्याच रीतीने, दर वेळी कारखान्याच्या फायद्याची बाजू धरायची नाही. रांगेत गेलेली मिनिटं कोणाची. पंच राहून गेला तर कोणाकडे, किती दिवसांत सांगायचं, आणि दुरुस्ती कोणाच्या सहीने होणार. जेवायच्या सुट्टीत पंच करायचा की नाही. चुकून दोनदा बोट लागलं तर दुसरा पंच धरायचा की सोडायचा. हे पान लिहिताना तुमचं मालकांशी एक-दोनदा वाजेल. ते आत्ताच वाजलेलं बरं.

रात्रपाळीला वेगळा वेळ द्या. माणूस रात्री १० ला आत येतो, सकाळी ६ ला बाहेर जातो, मध्ये तारीख बदलते. सॉफ्टवेअरला पाळी नीट सांगितली नसेल तर त्याला पहिल्या दिवशी आलेला पण न गेलेला आणि दुसऱ्या दिवशी गेलेला पण न आलेला असा माणूस दिसतो, आणि ते दोन्ही दिवस गैरहजर मांडून मोकळं होतं. बसवणाऱ्या माणसाला तुमच्यासमोर हे दोन पंच टाकून आठ तास येतात ते दाखवायला लावा. त्याने 'होतं ते' असं म्हटलं तरी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय सोडू नका.

कामगारांची यादीही आत्ताच नीट करा. पगारपत्रकातला क्रमांक आणि यंत्रातला क्रमांक एकच हवा. यादी एक्सेलमध्ये करत असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर ००४७ चे सुरुवातीचे शून्य गळून नुसते ४७ उरतात आणि महिनाअखेर पगारपत्रकाला तो माणूस सापडत नाही.

बोटांची नोंदणी पहिल्या सकाळी फाटकावर करायची नाही, हे फळ्यावर नको पण मनावर लिहून ठेवा. माणशी तीन मिनिटं धरली तरी १४० जणांना सात तास लागतात. आधीच्या आठवड्यात पाळीच्या वेळेत, दहा-दहा जणांना बोलवून करा, आणि दोन्ही हातांचं एकेक बोट घ्या. एका हाताला पट्टी असली की दुसरा कामाला येतो. नोंदणीच्या वेळी तुम्हाला असे काही जण नक्की भेटतील ज्यांचं बोट यंत्र ओळखतच नाही. सिमेंट, रसायनं, खरबरीत माल वर्षानुवर्षं हाताळून रेषा झिजलेल्या असतात. त्यांना चारचौघांत दहा वेळा बोट लावायला लावू नका. त्यांच्यासाठी कार्ड किंवा चेहरा आधीच ठरवून ठेवा.

कार्डाचा पर्याय आणखी एका कारणाने ठेवा. यंत्र सहसा बोटाचा फोटो जपत नाही, रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात त्यावरून काढलेला एक आराखडा जपतं, हे कामगारांना सांगा. त्यांची निम्मी भीती तिथे जाते. पण उरलेली निम्मी रास्त आहे. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यामध्ये ओळख पटवण्यासाठी वापरलेली अशी माहिती विशेष संरक्षणाच्या गटात येते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २००८ च्या कायद्याने ती घेण्याआधी लेखी संमती लागते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने एका कंपनीला ३८ केंद्रांमधली चेहरा-बोटाची हजेरी थांबवायला सांगितली. २,००० हून जास्त कर्मचारी होते आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता हा त्यातला मुख्य आक्षेप. तुम्हाला लागू असलेला कायदा काय म्हणतो ते वकिलाला एकदा विचारून घ्या. एवढं मात्र कुठेही करा की संमती कागदावर घ्या, माहिती कोण बघू शकतं ते लिहा, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा आराखडा यंत्रातून आणि सर्व्हरवरून पुसा. तिन्ही यंत्रांतून. एकात राहून जातो.

बसवणारा माणूस काम झाल्याच्या कागदावर सही मागेल. सही करायच्या आधी त्याच्यासमोर यंत्राची नेटची केबल काढा (पीओई असेल तर केबलीबरोबर वीजही जाईल, म्हणून तेव्हा यंत्राची नव्हे, स्विचकडून पुढे संगणकाकडे किंवा इंटरनेटकडे जाणारी केबल काढा). चार-पाच जणांना पंच करायला सांगा, तासभर थांबा, केबल लावा आणि ते पंच संगणकावर येतात का पाहा. नुसते आले पुरेसं नाही, ज्या वेळी केले त्याच वेळेचे आले पाहिजेत. मग वीज घालवून यंत्र पुन्हा सुरू करा आणि घड्याळ बरोबर आहे का ते बघा. यंत्राच्या स्मृतीत किती पंच मावतात आणि ती भरली की काय होतं, जुने पुसले जातात की नवे घेणं बंद होतं, हेही त्याच्याकडून लिहून घ्या. त्याची शेवटची बस असेल. असू दे.

राहिली जुनी मस्टरं. ती रद्दीत मुळीच घालू नका. हजेरीच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या हे कायद्याने ठरलेलं असतं, तेही त्याच वकिलाला विचारा. आणि या महिन्याचं मस्टर बंदही करू नका. पहिला महिनाभर सही आणि पंच दोन्ही चालू द्या, पगार सहीवरून काढा आणि रोज संध्याकाळी दोन्ही यादीतले फरक तुम्ही स्वतः तपासा. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस सापडतील, त्यातले बरेचसे तुमच्याच नियमांच्या पानात भर घालायला लावतील. दुसऱ्या महिन्यापासून पगार यंत्रावरून काढा. मस्टर मात्र फाटकाशी, यंत्राच्या खालीच एका खुंटीला राहू द्या, यंत्र बंद पडेल त्या दिवसासाठी. पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर नेमकं त्याच दिवशी ते सापडणार नाही.